फाईल कोणाच्या नावावर

झोम्बा, ४ जून २०१६

झियोने,

फोन तू उचलत नाहीस. मेल पाठवले तर न वाचता कचऱ्यात जातात, असं तुझी आई सांगते. सांगताना तिला थोडा आनंद होतो असंही मला वाटतं. म्हणून हा कागद. तुझ्या हॉस्पिटलच्या टपालपेटीचा नंबर तिनेच दिला. कागद फाडायला निदान हात तरी लावावा लागतो.

या तीस तारखेला मी निवृत्त होतोय. माझ्या जागी मिसेस मालुन्गा येतायत. बाई हुशार आहेत, पण काहीही सांगितलं की 'लिहून द्या' म्हणतात. त्यामुळे सत्तावीस वर्षं डोक्यात ठेवलेलं आता वहीत उतरवतोय. काल प्रॉक्सीचं पान लिहिलं. तू माझी सहाय्यक होतीस तेव्हा तुला शिकवलं होतं तेच. सगळ्या कॉलेजचं इंटरनेट या एका मशिनमधून जातं. एकाने पान उघडलं की मशिन ते जपून ठेवतं, दुसऱ्याने तेच मागितलं की घरातून काढून देतं, आणि बाहेरची बारीक लाईन वाचते. कोणी काय उघडायचं आणि किती उतरवून घ्यायचं, हे सगळं एका फाईलीत लिहिलेलं. त्या फाईलीच्या परवानगीचे आकडे तीन. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन. आपल्या फाईलीला सहा, चार, शून्य. मालक रूट, म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी. त्याने वाचावं आणि लिहावं. गट खुद्द प्रॉक्सीचा. त्याने नुसतं वाचावं. बाकीच्यांना काही नाही.

मिसेस मालुन्गा म्हणाल्या, "शून्य कशाला? वाचू द्या की बिचाऱ्यांना."

"बाई, आत लाईनवाल्या कंपनीचा पासवर्ड आहे."

"अगंबाई," म्हणाल्या, आणि शून्याभोवती लाल गोल काढला.

आता मुद्द्याचं. तुझी आई बुधवारी थोंडवेहून आली होती. तुझ्या लग्नाचं, चिन्खोस्वेचं, ऑगस्टात ठरतंय म्हणाली. येरेमिया चांगला मुलगा आहे असं ऐकतो. त्याच्याकडचे लोक दोन जुलैला, शनिवारी, बोलणी करायला येणार. मुलीच्या बाजूने बोलायचं ते तिच्या मामाने, तिचा न्खोस्वे म्हणून. आईच्या लग्नात आमचे मामा बोलले, तुझ्या लग्नात मी बोलणार. यात विचारण्यासारखं काय आहे? आणि तू आईला सांगतेस, "दुसरा कोणीही चालेल, रस्त्याने जाणारा चालेल." बहिणीच्या तोंडून हे ऐकताना मला काय वाटलं असेल याचा तू विचार केला नसशील.

एक अडचण आहे, ती तुला ठाऊक असावी. येरेमियाच्या मामांच्या, बाम्बो चिपेटांच्या, कानावर कोणीतरी घातलंय की २००८ मध्ये तुला कॉलेजातून काढलं, लाईन चोरली म्हणून. ते विचारणार. उत्तर न्खोस्वेला द्यावं लागणार, आणि पटलं नाही तर बोलणी तिथेच संपणार. मी तयारी केली आहे. सांगेन की मुलीने पुढे शिकायला म्हणून स्वतःहून नोकरी सोडली. जुने कागद कोण बघायला जातंय? त्या वेळी कोणाचं काय चुकलं यात आपण आता शिरू नये. दोन्ही बाजूंना त्रासच होईल.

थंडी फार आहे. डोंगरावरून चिपेरोनीच्या पावसाची भुरभुर चालूच आहे, तीन दिवस कपडे वाळले नाहीत.

तुझा मामा,
लॅस्टन नामालोम्बा


झोम्बा, १३ जून २०१६

झियोने,

नऊ दिवस झाले. बस दोन दिवसांत लिलाँग्वेला पत्र नेते, म्हणजे तू वाचलंयस आणि गप्प आहेस.

बरं. मीच आधी बोलतो.

ती फाईल मी उघडी टाकली होती. धाकटी आजी वारली त्या वेळी. माझ्या सख्ख्या मावशीचं मरण, नामिताम्बोला जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं, आणि तिथे गेलं की माती देऊन लगेच परतता येत नाही हे तुला सांगायला नको. तुला कामावर ठेवून गेलो. तीन दिवसांत कोणाला एखादी साईट हवी झाली, कोणाची अडली, तर तुला फाईलीत बदल करता यायला हवा. त्यासाठी रूटचा पासवर्ड तुला द्यायला हवा होता. दिला नाही. लोक म्हणाले असते, मामाने भाचीच्या हातात राज्य दिलं. स्टाफरूममधली तोंडं तुला माहीत आहेत.

म्हणून निघताना सहा, सहा, सहा केलं. मशिनवर ज्याचं ज्याचं खातं आहे त्याने वाचावं, त्याने लिहावं. रोज पहाटे पाचला प्रॉक्सी ती फाईल आपोआप नव्याने वाचायचं, तेव्हा रूटशिवाय तुझं काम भागणार होतं. बस सुटायची वेळ झाली होती, बायको खालून हाका मारत होती. तीनच दिवसांचा प्रश्न, असं मनाशी म्हटलं.

मास्तरांपैकी अकरा जणांची खाती त्याच मशिनवर होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. त्यातल्या कोणीतरी आपल्या मशिनवरची मर्यादा उठवणारी ओळ फाईलीत घातली. महिन्याचा वाटा चार दिवसांत सिनेमे उतरवण्यात संपला, उपग्रह कंपनीने लाईन तोडली, ती अकरा दिवस आली नाही, आणि त्याच अकरा दिवसांत शेवटच्या वर्षाची परीक्षेची नावनोंदणी होती. त्रेचाळीस पोरांचं वर्ष गेलं.

मला कोणी काही कळवलं नाही. कळवलं असतं तर आलो असतो. मी परत आलो तेव्हा लाईन तुटलेली होती. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. चूक माझी होती, पण ती घाईची चूक होती. आता दोन तारखेचं काय ते बोलू.

तुझा मामा


लिलाँग्वे, १९ जून २०१६

मामा,

दोन्ही पत्रं मिळाली. फाडली नाहीत. पहिलं फाडणार होते, पण येरेमियाने मागून घेतलं आणि तो तुमचं 'लिहून द्या' वाचून हसत बसला. त्याला तुम्ही आवडलात. त्याचं सोडा, त्याला सगळेच आवडतात.

'मला कोणी काही कळवलं नाही.' हे वाक्य लिहिताना तुमचा हात थांबला नाही?

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला फोन केला होता. मागे बाया रडत होत्या, गाणी चालली होती. मी म्हटलं, "मामा, फाईलीवर तीन सहा आहेत. सगळ्यांना उघडी आहे." तुम्ही म्हणालात, "अगं, इथे खड्डा खणतायत आणि तू मला आकडे सांगतेस? राहू दे. नंतर बघू." मी म्हटलं, "निदान पासवर्ड सांगा, मी बंद करते." तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतर लावला तर बंद.

चौथ्या दिवशी ती ओळ मला दिसली. मी सकाळी आठला खोडली. तो कोण होता देव जाणे, त्याने संध्याकाळी परत घातली. पहाटे पाचला प्रॉक्सीने वाचली. मी आठला परत खोडली. चार दिवस हेच. मला त्या फाईलीत लिहिता येत होतं मामा, ती बंद करता येत नव्हती. फाईल ज्याच्या नावावर, तोच तिच्या परवानग्या बदलू शकतो. हे मला तुम्हीच शिकवलंत, पहिल्याच आठवड्यात, शेंगदाणे खात. आणि मी शेवटची ओळ खोडली म्हणून फाईलीला शेवटचा हात माझा निघाला. चौकशीत तेवढाच पुरावा होता. घाण ज्याने केली त्याचा हात नाही, झाडू ज्याने मारला त्याचा.

तिघे बसले होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, "फाईलीत लिहायची परवानगी कोणाकोणाला होती?" मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुमच्या दुसऱ्या पत्रात कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

मी तेव्हा बोलले नाही, कारण वडीलधाऱ्या मामाला चारचौघांत खोटारडा म्हणायची आपल्यात रीत नाही. तेवीस वर्षांची होते. रीत पाळली. आता एकतीसची आहे, आणि तुम्ही माझ्यासाठी आणखी एक खोटं शिवून ठेवलंय: मुलगी स्वतःहून गेली! वा. माझ्या लग्नाच्या पहिल्या वाक्यालाच थाप. उद्या चिपेटा मामांनी कॉलेजात कोणाला विचारलं तर काढून टाकलेली आणि वर थापाडी, दोन्ही मीच ठरणार.

न्खोस्वे म्हणून यायचं असेल तर जे झालं ते सांगा. जमत नसेल तर घरी बसा, मी फोस्टरमामाला सांगते. त्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, पण खोटंही बोलता येत नाही.

झियोने


झोम्बा, २७ जून २०१६

झियोने,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं, ही चूक झाली. मिसेस मालुन्गांनी चहा आणून ठेवला आणि विचारलं, "घरी कोणी गेलं का?" नाही म्हटलं.

फोन आला होता. मी तो विसरलो नव्हतो. आठ दिवसांनी परत आलो, सरळ मशिनपाशी गेलो, कोणी बघायच्या आत सहा-चार-शून्य केलं, आणि मग बाहेर येऊन 'काय झालं' म्हणून विचारलं. मशिनमध्ये परवानगी कधी बदलली याचीही वेळ नोंदलेली असते. चौकशीवाल्यांपैकी एकाने जरी ती बघायला सांगितली असती तर मी उघडा पडलो असतो. तिघांपैकी एक शेतकीचा, एक संगीताचा आणि तिसरे रजिस्ट्रार. कोणी सांगितलं नाही. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता, ते बघून तुझी मामी समजत होती की मावशीच्या दुःखाने.

त्यांनी विचारलं, परवानगी कोणाला होती. मी म्हणालो, "मला आणि माझ्या सहाय्यकाला. मी तर प्रेताजवळ बसलो होतो." हेच शब्द. मावशीच्या मयताचा मी असा उपयोग केला.

आणि पासवर्डाचं. स्टाफरूमची तोंडं वगैरे मी लिहिलं, ते अर्धं खरं. तू आलीस त्या वर्षी प्रिन्सिपॉलसमोर माझ्या कामातल्या दोन चुका दाखवल्या होत्यास, हसत हसत, मला वाईट वाटेल हे तुझ्या गावीही नव्हतं. ते म्हणाले, "नामालोम्बा, भाची तुमच्या पुढे गेली की हो!" मी पण हसलो. त्या दिवसापासून ठरवलं की रूट माझ्याकडेच राहील. तुझ्या एकटीच्या हातात चावी द्यायला नको म्हणून मी अकरा जणांना दार उघडं करून दिलं. हे लिहायला मला आठ वर्षं लागली, आणि आज लिहितानाही दोन कागद फाडले.

मला लाज वाटते, झियोने. दुसरा शब्द नाही.

येत्या तीस तारखेला माझा निरोपसमारंभ आहे, केक वगैरे आहे म्हणे. त्याआधी रजिस्ट्रारकडे जाऊन लेखी निवेदन देणार आहे. शनिवारी थोंडवेलाही जाईन. तू म्हणतेस तसंच सांगेन. चिपेटांना फाईल म्हणजे काय हे कसं समजावून सांगायचं याचीच चिंता आहे. तुझी आई म्हणते ते बसडेपोच्या गोदामात नोकरीला होते.

मामा


झोम्बा, ३ जुलै २०१६

झियोने,

आईने फोनवर सांगितलं असेलच. पण सांगताना ती रडते आणि मधलं गळून जातं, म्हणून मी क्रमाने लिहितो.

आधी कॉलेजचं. आताच्या रजिस्ट्रारांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाम्बो, हे प्रकरण बंद आहे. आज केक कापायचाय, कशाला उकरता?" मी म्हटलं, शिक्का मारून द्या. कारकुनाने शिक्का मारला. प्रत सोबत जोडली आहे. ती तुझ्या कामाची आहे की नाही मला माहीत नाही. त्या त्रेचाळीस पोरांना तिचा काही उपयोग नाही, एवढं मात्र मला कळतं.

काल थोंडवेला चिपेटांकडची सात माणसं आली, सगळी कोट घालून. तुझ्या आईने प्यायला थोब्वा दिला, जेवणाच्या न्सिमाचं पाणी चुलीवर चढवलेलं होतं. आपल्याकडून मी, फोस्टर आणि चर्चमधले दोन म्हातारे. चिपेटांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "आमचा कोंबडा तुमच्या अंगणात येऊन उभा राहतो, हटत नाही."

"अंगणात कोंबड्या पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "कोणती हवी म्हणतो?"

"जी लिलाँग्वेला कॉम्प्युटर दुरुस्त करते ती."

सगळे हसले. मग ते पुढे सरकले. "एक विचारायचंय, राग मानू नका. त्या मुलीला इथल्या कॉलेजातून हाकललं असं ऐकलं. खरं का?"

तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. 'शिकायला गेली' हे उत्तर तिलाही पाठ होतं, मीच जूनमध्ये शिकवलं होतं.

"खरं," मी म्हणालो. "काढलं. मी खोटं बोललो म्हणून काढलं."

मग सगळं सांगितलं. मयत, बस, फोन, चौकशी. आकड्यांपाशी अडखळलो तेव्हा चिपेटांनी हात वर केला.

"थांबा. मला समजू द्या. गोदामाची चावी भाचीला द्यायची नव्हती, म्हणून तुम्ही गोदामाचं दारच उघडं टाकून गेलात?"

"हो."

"तिने फोन करून सांगितलं की दार उघडं आहे?"

"हो."

"लोक माल पळवत होते, ही एकटी रोज सकाळी येऊन आवरत होती?"

"हो."

"आणि माल गेल्यावर तुम्ही बोट दाखवलंत ते हिच्याकडे."

"हो."

मी इतक्या वेळा 'हो' आयुष्यात म्हटलं नसेन. फोस्टर जमिनीकडे बघत होता. आई अंगावरच्या कापडाच्या टोकाने तोंड पुसत होती. चिपेटांनी उरलेला थोब्वा संपवला, कप खाली ठेवला आणि आपल्या लोकांकडे वळून म्हणाले, "मुलीबद्दल आणखी कोणाला काही विचारायचंय?" कोणाला नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "अशी मुलगी आपल्या डेपोला मिळाली असती तर टायर तरी राहिले असते."

मला वाटलं, संपलं. सुटलो.

तेव्हा ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, उलट जपूनच बोलले. "बाम्बो नामालोम्बा, तुम्ही आज खरं बोललात, त्याबद्दल मी तुमचा हात हातात घेईन. पण उद्या या दोघांत भांडण झालं, तर ती बरोबर की तो बरोबर हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. न्खोस्वे त्यासाठीच असतो. स्वतः अडचणीत आल्यावर तुम्ही हिच्या विरुद्ध बोललात. तुमच्या शब्दावर मी कसा टेकू? मुलगी आम्हाला हवी. तिच्या बाजूला दुसरा माणूस बसवा."

तुझी आई काही म्हणायला उठत होती. मी हाताने तिला बसवलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. मी खुर्चीतून उठलो, फोस्टर त्या खुर्चीत बसला, आणि मी बाहेर कोंबडी कापणाऱ्या बायकांपाशी जाऊन उभा राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते. तारीख वीस ऑगस्ट ठरली.

खोटं कशाला सांगू: मला वाईट वाटलं, फार वाटलं. तू जन्मलीस त्या आठवड्यापासून ते काम माझं होतं.

आज सकाळी फोस्टर सायकल मारत आला. दारातच म्हणाला, "दादा, मी मेलो. वीस तारखेला शंभर माणसांसमोर मुलीबद्दल बोलायचंय. तू लिहून दे, मी पाठ करतो. माझ्याच्याने एक ओळ व्हायची नाही."

तो अंगणात चहा पीत बसलाय आणि मी लिहायला बसलोय. लिहिलं: 'ही आमची मुलगी झियोने. हिच्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा.' फोस्टरला वाचून दाखवलं, त्याने मान हलवली आणि म्हणाला, "छान. मग ते विचारतील. मग मी काय सांगू?"

इथे मी तासभर अडलो आहे. तेवीस वर्षांच्या मुलीबद्दल मला पानभर लिहिता येईल. आताची तू सकाळी किती वाजता उठतेस, हॉस्पिटलात तुझं कोण ऐकतं, येरेमियाशी कशावरून भांडतेस, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. तूच चार ओळी लिहून पाठव. माझ्या नावावर नको पाठवूस, फोस्टरच्या नावावर पाठव. त्याला वाचायला चष्मा लागतो आणि तो चष्मा नेहमी हरवलेला असतो, तेव्हा वाचून मीच दाखवेन.

लॅस्टनमामा